बिनदेशी माणसांना कागद मिळवून देणारे नान्सेन

आधार, रेशनकार्ड नसलं की माणूस किती अडतो, हे गावात कुणाला सांगायला नको. रशियन क्रांतीनंतर देश सोडून पळालेल्या लाखो लोकांचं तसंच झालं. नागरिकत्व गेलं, सीमेवर कुणी आत घेईना.

त्यांच्या मदतीला धावले नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नान्सेन (१८६१-१९३०). मूळचे संशोधक, १८८८ मध्ये बर्फातून ग्रीनलँड पार केलेले. महायुद्धानंतर त्यांनी चार लाखांवर युद्धकैदी मायदेशी पोचवले. १९२१ मध्ये राष्ट्रसंघानं निर्वासितांचं काम सोपवलं. दुसऱ्याच वर्षी ‘नान्सेन पासपोर्ट’ निघाला. तो दाखवून निर्वासितांना दुसऱ्या देशात कामधंदा शोधायला जाता येऊ लागलं. त्याच वर्षी शांततेचं नोबेल मिळालं. तो पैसाही त्यांनी मदतकार्यालाच दिला.

संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था आजही त्यांच्या नावानं पुरस्कार देते.