ग्रॅहम बेल: टेलिफोनच्या आधीची आयडिया आज फायबरमध्ये

अलेक्झांडर ग्रॅहम बेल म्हटलं की आपल्याला टेलिफोन आठवतो. पण त्यांना सुरुवातीला पैसे मिळाले ते एकाच तारेतून अनेक संदेश पाठवण्यासाठी!

बेल यांचा जन्म 1847 चा, एडिनबरोचा. आईला नीट ऐकू येत नव्हतं, वडील उच्चार शिकवायचे. दोन्ही भाऊ क्षयाने गेले आणि 1870 मध्ये कुटुंब कॅनडाला गेलं. पुढच्या वर्षी बेल बोस्टनमध्ये कर्णबधिर मुलांना शिकवू लागले.

प्रत्येक संदेशाला वेगळा सूर

टेलिग्राफच्या एका तारेवरून तेव्हा एका वेळी मोजकेच संदेश जायचे. बेल यांची आयडिया सोपी होती. इकडे एका सुराची धातूची पट्टी थरथरली, की पलीकडे त्याच सुराला लावलेली पट्टी थरथरणार, बाकीच्या शांत. गार्डिनर हबर्ड आणि थॉमस सँडर्स यांनी यासाठी पैसे दिले.

2 जून 1875 ला सहकारी वॉटसन यांनी अडकलेली पट्टी छेडली आणि तिचा आवाज दुसऱ्या खोलीत बेल यांना ऐकू आला. म्हणजे तारेतून बोलणंही जाऊ शकतं! हबर्डना मात्र टेलिग्राफच हवा होता, आणि बेल यांचं प्रेम होतं त्यांच्याच मुलीवर, मेबलवर. तरी बेल यांनी आवाजाचा नाद सोडला नाही. मार्च 1876 मध्ये टेलिफोनचं पेटंट मिळालं, 1877 मध्ये मेबलशी लग्नही झालं. अनेक सुरांचा टेलिग्राफ मागे पडला.

उजेडावरून आवाज

1880 मध्ये बेल आणि टेंटर यांनी वॉशिंग्टनमध्ये सूर्यप्रकाशावरून 213 मीटर आवाज पाठवला. बोलण्याने पातळ आरसा थरथरायचा, उजेड कमी-जास्त व्हायचा आणि सेलेनियम तो फरक पकडायचं. या फोटोफोनला बेल आपला सर्वात मोठा शोध मानायचे. पण ढग आले की काम बंद.

1922 मध्ये बेल गेले. त्यांच्या दोन्ही आयडिया एकत्र यायला दोन गोष्टी कमी होत्या. सूर्यप्रकाशात सगळ्या फ्रिक्वेन्सी मिसळलेल्या असतात. एकच स्वच्छ फ्रिक्वेन्सी देणारा लेझर 1960 मध्ये आला. उजेडाला ढगांपासून वाचवून लांब नेणारी कमी लॉसची काच 1970 मध्ये बनली.

आज डीडब्ल्यूडीएममध्ये सुरांच्या जागी लेझर असतात. त्यांच्या फ्रिक्वेन्सी 193 टेराहर्ट्झच्या आसपास, एकमेकींपासून फक्त 50 किंवा 100 गिगाहर्ट्झवर. पलीकडे फिल्टर प्रत्येकीला वेगळं करतो. केसाएवढ्या एका फायबरमधून 80 चॅनल, प्रत्येकी 100 गिगाबिट धरले तरी सेकंदाला 8 टेराबिट. तुमचा व्हिडिओ कॉल परदेशी जातो तो अशाच एका चॅनलवरून.