लेनर्ड वुड : शल्यवैद्य आणि सेनापती

वैद्यकाची पदवी घेऊन सैन्यात शिरलेल्या मनुष्याने जखमींची शुश्रूषा करावी आणि फार तर सैन्याच्या वैद्यकीय खात्याचा प्रमुख होऊन निवृत्त व्हावे, अशी त्याच्या आकांक्षेची सीमा सामान्यतः मानली जाते. लेनर्ड वुडने ती मानली नाही. १८८४ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टर झालेला हा मनुष्य १९१० मध्ये अमेरिकी भूदलाचा चीफ ऑफ स्टाफ झाला. त्या पदावर पोहोचलेला दुसरा वैद्यकीय अधिकारी तेथे झालेला नाही.

१८८५ मध्ये तो कंत्राटी सर्जन म्हणून ॲरिझोनात गेला. पुढल्या वर्षी अपाची नेता जेरोनिमो याच्या पाठलागावर गेलेल्या पथकाबरोबर तो निघाला तो डॉक्टर म्हणून. पण पायदळाच्या एका तुकडीला अधिकारी उरला नाही, तेव्हा तिचे नेतृत्व त्यानेच पत्करले. या मोहिमेबद्दलचे मेडल ऑफ ऑनर त्याला १८९८ मध्ये मिळाले. त्याच वर्षी स्पेनशी युद्ध जुंपले आणि राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लेचा हा डॉक्टर रफ रायडर्स या स्वयंसेवक घोडदळाचा कर्नल झाला. थिओडोर रूझवेल्ट त्याचा दुय्यम होता. कीर्ती मात्र दुय्यमाच्याच वाट्याला अधिक आली!

१८९९ च्या अखेरीस वुड क्यूबाचा लष्करी गव्हर्नर झाला. त्याच्या आयुष्यातील सर्वांत उजळ पर्व हेच. हवाना शहर झाडूनपुसून लख्ख केले, तरी पीतज्वर हटेना. १९०० मध्ये तर तो अधिकच भडकला. हा रोग डासामुळे पसरतो, हे कार्लोस फिन्ले हा क्यूबन डॉक्टर १८८१ पासून सांगत होता आणि त्याची थट्टा होत होती. वॉल्टर रीडच्या मंडळाने माणसांवर प्रयोग करून त्याची सत्यता पटविण्याचे ठरविले, तेव्हा वुडने पैसा मंजूर केला. गव्हर्नर डॉक्टर नसता, तर हा निर्णय इतक्या तत्परतेने झाला असता काय, याची शंकाच आहे. पुढे गॉर्गसच्या माणसांनी घरोघर पाण्याची पिंपे तपासली, डबक्यांवर रॉकेल ओतले, डासांच्या अळ्या सापडतील त्या घरमालकास दंड केला. १९०१ सरण्यापूर्वी हवाना पीतज्वरापासून मुक्त झाले.

अर्थात हे सारे हुकमाने झाले. रोग्याचे हित रोग्यापेक्षा आपल्याला अधिक कळते, ही वैद्याची वृत्ती राज्यकर्त्याच्या अंगी आली, की जनता त्याला निव्वळ रोगी दिसू लागते आणि विरोध हे रोगाचे लक्षण वाटते. १९०३ मध्ये वुड दक्षिण फिलिपाइन्समधील मोरो प्रांताचा गव्हर्नर झाला. मार्च १९०६ मध्ये होलो बेटावरील बुद दाजो या मृत ज्वालामुखीच्या मुखात आश्रय घेतलेल्या मोरोंवर त्याच्या फौजेने चढाई केली. निदान सहाशे माणसे मारली गेली. त्यांत स्त्रिया आणि मुले होती. अमेरिकी मृतांचा आकडा विसाच्या आसपास होता. स्त्रियाही लढत होत्या, हा वुडचा खुलासा मुलांच्या प्रेतांपुढे फार तोकडा पडतो. तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या रूझवेल्टने मात्र त्याचे अभिनंदन केले.

चीफ ऑफ स्टाफ असताना त्याचा मोठा झगडा झाला तो अ‍ॅडज्युटंट जनरल एन्सवर्थशी. गंमत अशी, की तोही मूळचा डॉक्टरच! १९१२ मध्ये एन्सवर्थला निवृत्ती घेऊन कोर्ट मार्शल टाळावे लागले आणि चीफ ऑफ स्टाफचे वर्चस्व प्रस्थापित झाले. महायुद्धात फ्रान्समधील सेनापतिपद मात्र वुडऐवजी पर्शिंगला मिळाले. १९२० मध्ये रिपब्लिकन अधिवेशनात पहिल्या फेरीत वुड आघाडीवर होता. उमेदवारी हार्डिंगने नेली.

१९२१ मध्ये तो फिलिपाइन्सचा गव्हर्नर जनरल झाला. क्युलियन बेटावरील कुष्ठरोग्यांच्या उपचारांसाठी तो तळमळीने झटला. पण स्वराज्य मागणाऱ्या फिलिपिनो पुढाऱ्यांचे आणि त्याचे जमेना. १९२३ मध्ये केझॉन आणि त्याचे सहकारी राजीनामे देऊन बाहेर पडले. या साऱ्या वर्षांत त्याच्या मेंदूवरची गाठ पुन्हा वाढत होती. १९१० मध्ये हार्वी कुशिंगने ती एकदा काढली होती. बॉस्टनमध्ये त्याच शल्यवैद्याने पुन्हा शस्त्रक्रिया केली आणि त्यानंतर ७ ऑगस्ट १९२७ रोजी वुडचा अंत झाला. केझॉनशी त्याचा तंटा तेव्हाही मिटलेला नव्हता.