एडवर्ड मॅकलायसॅट

एडवर्ड मॅकलायसॅट (६ नोव्हेंबर, १८८७ - ४ मार्च, १९८६) हे आयरिश वंशावळतज्ज्ञ, इतिहासकार व लेखक होते. आयरिश आडनावांच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते.

जीवन

मॅकलायसॅट यांचा जन्म इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात, मूळच्या आयरिश कुटुंबात झाला. त्यांचे वडील सिडनी रॉइस लायसॅट हे कवी व कादंबरीकार होते. एडवर्ड यांनी आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातील राहीन येथे शेती व रोपवाटिका चालवली. ते आयरिश भाषा शिकले आणि १९२७ मध्ये त्या भाषेतील त्यांची कादंबरी प्रसिद्ध झाली. १९२२ ते १९२५ या काळात ते आयरिश फ्री स्टेटच्या सिनेटचे सदस्य होते.

आडनाव

लायसॅट हे क्लेअर व लिमरिक भागांतील एक दुर्मीळ आडनाव आहे. त्याचे मूळ आयरिश रूप मॅक गिला ईअसख्ता असे आहे. यातील मॅक म्हणजे पुत्र, गिला म्हणजे युवक किंवा सेवक, तर ईअसख्ता हे पद उसनवारी या अर्थाच्या शब्दापासून आले असून त्याचा अर्थ उसना किंवा परका असा होतो. म्हणजेच हे आडनाव परक्या युवकाचा पुत्र असा अर्थ दर्शवते. इंग्रजी सत्तेच्या काळात असंख्य आयरिश कुटुंबांच्या आडनावांतून मॅक (पुत्र) व ओ (नातू, वंशज) ही पदे गळून पडली. लायसॅट हे त्यांपैकीच एक. एडवर्ड यांनी १९२० मध्ये आपल्या नावात मॅक हे पद पुन्हा जोडले.

कार्य

डब्लिन येथील अल्स्टर किंग ऑफ आर्म्स हे १५५२ पासूनचे कुलचिन्ह कार्यालय १९४३ मध्ये आयरिश सरकारकडे आले. त्याचे वंशावळ कार्यालयात रूपांतर झाल्यावर मॅकलायसॅट त्याचे पहिले प्रमुख झाले. १९५६ ते १९७३ या काळात ते आयरिश हस्तलिखित आयोगाचे अध्यक्ष होते.

आयरिश फॅमिलीज (१९५७) हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ. इंग्रजी वळणाच्या अनेक आडनावांमागे आयरिश मूळ दडलेले असल्याचे त्यांनी दाखवले. उदाहरणार्थ, लोहाराचा पुत्र या अर्थाच्या मॅक गौअन या आडनावाचे भाषांतर होऊन कॅव्हन परगण्यातील अनेक कुटुंबे स्मिथ झाली. त्यामुळे केवळ आडनावावरून कुटुंबाचे मूळ इंग्लंडमध्ये शोधणे चुकीचे ठरते. मॅक व त्याचे संक्षिप्त रूप यांपैकी एक आयरिश व दुसरे स्कॉटिश, हा प्रचलित समजही त्यांनी खोडून काढला.

चेंजिंग टाइम्स (१९७८) हे त्यांचे आत्मचरित्र आहे. वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.