इलेक्ट्रॉनचा पत्ता सांगणारे सर

या स्मरणिकेत बहुतेक जण आपापल्या आवडत्या सर-बाईंवर लिहिणार, हे ग्रुपवरच्या गप्पांवरून कळलंच होतं. मीही एका सरांवरच लिहिते आहे, पण ते आपल्या शाळेतले नाहीत. आपण जन्मलोही नव्हतो तेव्हाच ते वारले. त्यांचं नाव मॅक्स बॉर्न.

विज्ञानाच्या पुस्तकातली अणूची आकृती आठवते ना? मधोमध केंद्रक, भोवती कंपासने काढलेली गोल वर्तुळं, त्यांवर इलेक्ट्रॉनचे ठिपके. के, एल, एम कवचं आणि सोडियमचं २, ८, १. ती वर्तुळं नील्स बोर यांच्या १९१३ सालच्या सिद्धांतातून आली. बोर आणि बॉर्न ही नावं सारखी वाटली तरी माणसं दोन. कवचांचा हिशोब आजही बरोबर आहे. पण इलेक्ट्रॉन त्या रेघेवरून ग्रहासारखा फिरत नाही. मग तो असतो कुठे? या प्रश्नाचं आज मानलं जाणारं उत्तर बॉर्न यांनी दिलं.

त्यांचा जन्म ११ डिसेंबर १८८२ चा, ब्रेस्लाऊ शहरातला. तेव्हा हे शहर जर्मनीत होतं, आता पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव व्रोत्सवाफ. घर ज्यू. वडील विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक. मॅक्स चार वर्षांचा असताना आई गेली. तब्येत नाजूक, दम्याचा त्रास जन्मभर. गणिताची आवड त्यांना गॉटिंगेनला घेऊन गेली. पुढे बर्लिनमध्ये आइन्स्टाईन यांच्याशी मैत्री जमली. आइन्स्टाईन व्हायोलिन वाजवायचे आणि बॉर्न पियानोवर साथ करायचे. १९२१ मध्ये ते गॉटिंगेनला प्राध्यापक म्हणून परतले आणि तिथे त्यांच्यातला शिक्षक खऱ्या अर्थाने बहरला. पाउली आणि हायझेनबर्ग त्यांचे सहायक होते. ओपेनहायमर आणि मारिया गोपर्ट यांनी त्यांच्याच हाताखाली डॉक्टरेट केली.

१९२५ च्या उन्हाळ्यात तेवीस वर्षांच्या हायझेनबर्ग यांनी एक विचित्र गणित त्यांच्या हाती दिलं. त्यात दोन राशींचा गुणाकार क्रम बदलला की वेगळा येत होता. ही तर मॅट्रिक्सची भाषा आहे, हे ओळखलं बॉर्न यांनी. आपल्यातल्या इंजिनिअर मंडळींना मॅट्रिक्स पहिल्याच वर्षी भेटतात, पण तेव्हाच्या बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांना त्या ठाऊकही नव्हत्या. बॉर्न यांनी पास्कुआल योर्डान या तरुण विद्यार्थ्याला हाताशी धरून त्या गणिताला नीट पाया दिला.

१९२६ मध्ये श्रोडिंजर यांचं तरंगसमीकरण आलं. ते सोडवलं की उत्तरं बरोबर यायची, पण तो तरंग म्हणजे नेमकं काय, यावर एकमत नव्हतं. श्रोडिंजर यांच्या मते इलेक्ट्रॉनच तरंगासारखा पसरलेला होता. बॉर्न यांना ते पटेना, कारण प्रयोगात इलेक्ट्रॉन सापडतो तो अखंड, एका जागी. त्यांनी सांगितलं, की तरंग सांगतो ती फक्त शक्यता. आधी त्यांनी तरंगाची किंमत हीच शक्यता असं लिहिलं. मग छपाईच्या वेळी तळटीप जोडली, की शक्यता त्या किमतीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आज जगभर शिकवला जाणारा बॉर्न यांचा नियम असा एका तळटिपेतून आला.

मी हे एकदा संगणकावर करून पाहिलं. समजा, एक लाख हायड्रोजन अणू घेतले आणि प्रत्येकातला इलेक्ट्रॉन कुठे सापडतो याचा एकेक ठिपका काढला. केंद्रकापासून ०.५३ अँगस्ट्रॉमच्या आसपास तो सर्वांत जास्त वेळा सापडतो. एका सेंटिमीटरमध्ये असे दहा कोटी अँगस्ट्रॉम असतात. बोर यांच्या पहिल्या वर्तुळाची त्रिज्याही नेमकी तेवढीच! पण त्या वर्तुळाच्या आत सुमारे ३२ हजारच ठिपके पडतात. दुप्पट अंतरापर्यंत गेलं की ७६ हजार होतात, आणि उरलेले त्याहून दूर विखुरलेले. पडद्यावर कुठे रेघ दिसत नाही. दिसतो तो मध्यभागी दाट आणि कडेला विरत जाणारा ढग.

आइन्स्टाईन यांना मात्र सृष्टीचा कारभार शक्यतेवर चालतो हे कधीच मान्य झालं नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी तसं बॉर्न यांनाच पत्राने कळवलं. वाद मिटला नाही, पण आइन्स्टाईन जाईपर्यंत मैत्री आणि पत्रं दोन्ही चालू राहिली.

एप्रिल १९३३ मध्ये नाझी सरकारने ज्यू प्राध्यापकांना दूर केलं, त्यात बॉर्न होते. पन्नाशीत, बायको-मुलांसह देश सोडावा लागला. त्याच वर्षी हायझेनबर्ग यांना आदल्या वर्षीचं नोबेल जाहीर झालं, एकट्यांना. तिघांनी मिळून केलेल्या कामाचा मान आपल्या एकट्याच्या पदरात पडल्याची खंत शिष्याने गुरूला पत्रातून कळवली. गुरू तेव्हा केंब्रिजमध्ये तात्पुरत्या नोकरीवर होते.

१९३५ च्या हिवाळ्यात सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बोलावलं. ते सुमारे सहा महिने तिथे राहिले. त्यांना कायमची जागा मिळावी म्हणून रामन यांनी खटपट केली, पण विरोध झाला. सभेत एका इंग्रज प्राध्यापकांनी त्यांच्या योग्यतेवरच बोट ठेवलं आणि ते ऐकायला बॉर्न स्वतः तिथे हजर होते. असा माणूस आपल्या देशात राहता राहता गेला, हे वाचताना मला आजही चुटपुट लागते. १९३६ मध्ये एडिंबराने त्यांना प्राध्यापकपद दिलं आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथेच शिकवत राहिले.

युद्धात त्यांचे कितीतरी विद्यार्थी आणि सहकारी अणुबॉम्बच्या कामात होते. बॉर्न त्यापासून दूर राहिले. १९५५ च्या रसेल-आइन्स्टाईन जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे.

नोबेल मिळालं ते १९५४ मध्ये, वाल्टर बोथे यांच्यासोबत. त्या तळटिपेला तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि सर बहात्तरीला टेकले होते. ५ जानेवारी १९७० रोजी गॉटिंगेनमध्ये ते वारले. तिथल्या त्यांच्या समाधीवर गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, ते समीकरण कोरलेलं आहे. जुनी गाणी ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक माहिती: गायिका ऑलिव्हिया न्यूटन-जॉन ही त्यांच्या मुलीची मुलगी.

विद्यार्थी पुढे गेले, त्यांची नावं गाजली आणि सर मागे उभे राहून शिकवत राहिले. आपल्या सर-बाईंना हे नवीन नाही. म्हणून मित्रमैत्रिणींनो, घरी मूल अणूची आकृती काढत बसलं असेल, तर त्याला मार्कांपुरती वर्तुळं काढू द्या. मग शेजारी पेन्सिलीने ठिपक्यांचा एक ढग काढून दाखवा, आणि तो कुणी सांगितला त्या सरांचं नावही सांगा.