घोगरा, शिंगाळा, नकटा : आपल्या माशांची नावं जगभर नेणारा कर्नल साइक्स

बुलढाणा जिल्ह्यातलं हिवरा आश्रम. विवेकानंद आश्रमामुळे महाराष्ट्रभर ओळखलं जाणारं मेहकर तालुक्यातलं गाव. जवळच कोराडी प्रकल्पाचं पाणी आहे. अशा कुठल्याही तलावाच्या काठावर गेलात तर गळ टाकून बसलेली माणसं दिसतातच. कोणी गांडूळ लावतं, कोणी कणकेची गोळी. हल्लीची पोरं ऑनलाइन मागवलेलं जिग वापरतात. जिग म्हणजे शिशाचं डोकं आणि रबराची शेपटी असलेला छोटा गळ. पाण्यात सोडून तो झटके देत वर-खाली हलवायचा, म्हणजे बारका जीव पळतोय असं वाटून मासा त्याच्यावर झडप घालतो.

पण प्रत्येक मासा असा फसत नाही. काही मासे वरच्या थरात फिरतात, काही तळाशी बसतात, तर काही दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. त्यामुळे समोरच्या पाण्यात कोणता मासा आहे, हे माहीत असावं लागतं. मासेमारी करणाऱ्यांकडे हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या होतं आणि ते त्यांनी माशांना दिलेल्या नावांमध्येही उतरलं होतं. ही नावं थेट विज्ञानाच्या पुस्तकात नेली एका लष्करी अधिकाऱ्याने. त्याचं नाव विल्यम हेन्री साइक्स.

साइक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८०४ मध्ये, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात तो होता. पुढे तो हिंदुस्थानी आणि मराठी शिकला आणि फौजेत दुभाष्या म्हणूनही काम करू लागला. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. पेशवाईच्या शेवटाची सुरुवात करणाऱ्या त्या लढाईत साइक्स इंग्रजांच्या बाजूने लढत होता.

म्हणजे हा माणूस इथे आला तो राज्य जिंकायला. मग मासे कुठून आले?

तर झालं असं की, जिंकलेल्या मुलखातून महसूल गोळा करायचा तर मुलूख नीट माहीत हवा. म्हणून १८२४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने साइक्सला सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलं. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हा त्याचा इलाका. लोकसंख्या, पिकं, जमिनी, हवामान अशा सगळ्याच्या नोंदी घ्यायच्या होत्या. साइक्स तेवढ्यावर थांबला नाही. दख्खनमधले पक्षी, प्राणी आणि मासे यांच्याही नोंदी त्याने घेतल्या. भारतीय लांडग्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्याचंच, १८३१ चं. पक्ष्यांच्या यादीत त्याने दोनशेहून जास्त प्रजाती नोंदवल्या.

१८३१ मध्ये तो इंग्लंडला परतला आणि १८३३ मध्ये कर्नल म्हणून निवृत्त झाला. १८३८ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीसमोर त्याने दख्खनच्या माशांवरचा निबंध मांडला. त्यात चाळीसहून जास्त मासे होते. त्यातल्या काहींना त्याने ओळखीच्या इंग्रज शास्त्रज्ञांची नावं दिली, पण बऱ्याच माशांसाठी इथलीच नावं ठेवली.

आज जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ तळाशी राहणाऱ्या घोगऱ्याला रिटा गोग्रा म्हणतो. लहान माशांवर ताव मारणारा शिंगाळा म्हणजे स्पेराटा सिंघाला. दख्खनचा महसीर झाला टॉर खुद्री. या महसीरची साइक्सने केलेली नोंद पुण्याजवळच्या मुळा-मुठेतली. आणि थुंतरीवर खोल खाच असलेल्या माशाच्या शास्त्रीय नावात नुक्ता आलं, म्हणजे आपला नकटा.

बुलढाणा तेव्हा निजामाच्या वऱ्हाडात होतं, साइक्सच्या इलाक्याबाहेर. पण नदीला सरहद्द नसते. मेहकर भागातलं पाणी पैनगंगेतून पुढे गोदावरीच्या खोऱ्यात जातं, आणि घोगरा, शिंगाळा हे मासे त्या खोऱ्यातलेही आहेत.

साइक्सच्या कामात उणिवाही होत्या. अनेक माशांची त्याने चित्रं आणि वर्णनं दिली, पण नंतरच्या संशोधकांना पडताळून पाहायला जतन केलेले नमुने मिळाले नाहीत. त्यातून घोळ झाले. त्याने मसुल्लाह नाव दिलेला मासा नक्की कोणता, यावर दीर्घकाळ वाद चालला. कावेरीतल्या मोठ्या मदार महसीरलाही बरीच वर्षं हेच नाव चिकटलं होतं. तो मासा वेगळा, टॉर रेमादेवी, हे २०१८ मध्ये स्पष्ट झालं. दुसरी गोष्ट म्हणजे, ज्या मासेमारांच्या भाषेतून ही नावं आली, त्यांच्यापैकी कोणाचंही नाव या माशांना मिळालं नाही.

इंग्लंडमध्ये साइक्सची चढती कमान राहिली. १८४० मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक झाला, १८५६ मध्ये अध्यक्ष. १८५७ पासून तो अ‍ॅबर्डीनचा खासदार होता. १८६३ ते १८६५ या काळात लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीचं अध्यक्षपद त्याच्याकडे होतं. १६ जून १८७२ ला तो वारला.

मराठी नाव देण्याची पद्धत त्याच्यानंतरही दिसते. दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाणाऱ्या एका माशाचं वर्णन १९५२ मध्ये सी. व्ही. कुलकर्णी यांनी केलं आणि त्याच्या शास्त्रीय नावात चक्क खवलचोर हा शब्द घातला.

आज चित्र काय आहे? मुळा-मुठेत शहराचं सांडपाणी वाहतं. नकटा धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. तलावांमध्ये कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडलं जातं, आणि बाहेरून आलेला चिलापी जागोजागी पसरलाय. बाजारात हीच चार नावं कानावर पडतात. जुनी नावं माहीत असलेली माणसं कमी होत चालली आहेत.

म्हणून पुढच्या वेळी गळाला अनोळखी मासा लागला तर फोटो जरूर काढा. पण स्टेटसला टाकण्याआधी काठावरच्या एखाद्या म्हाताऱ्या भोई काकांना त्याचं नाव विचारा आणि ते फोटोखाली लिहून ठेवा.