आकाशातली अ‍ॅना

मैत्रिणींनो, कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, हे तुमच्यापैकी काहींनी घरच्या मोठ्यांकडून ऐकलं असेल. छावणीत बायका-मुलंच जास्त. कारण पुरुष दोस्तराष्ट्रांच्या बाजूनं लढायला गेलेले. त्याच पोलंडची एक लेक तेव्हा इंग्लंडमध्ये लढाऊ विमानं चालवत होती. तिचं नाव अ‍ॅना लेस्का.

जन्म १९१० चा, वॉर्साचा. तिथल्या फ्लाइंग क्लबात ती विमान शिकली. सप्टेंबर १९३९ मध्ये एका बाजूनं जर्मनी आणि दुसऱ्या बाजूनं रशिया पोलंडवर तुटून पडले. देश गेला. रुमानिया, मग फ्रान्स असं करत अ‍ॅना इंग्लंडला पोचली. १९४० मध्ये पोलिश वैमानिकांच्या ३०३ स्क्वाड्रननं तिथलं आकाश गाजवलं होतं. पण बाईला लढाईवर कोण पाठवणार? मग अ‍ॅना १९४१ मध्ये एटीए या संस्थेत दाखल झाली. काम काय, तर कारखान्यातून निघालेली विमानं तळावर पोचवायची.

वाचायला सोपं वाटतं. पण विमानात रेडिओ वापरायचा नाही, बंदुकीत गोळ्या नाहीत. खालची नदी, रेल्वेचे रूळ बघत वाट शोधायची. आज एक विमान तर उद्या कधी न पाहिलेलं दुसरंच. त्याची माहिती असायची खिशातल्या छोट्याशा वहीत. ढग आले की जिवावर बेतायचं. प्रसिद्ध वैमानिक एमी जॉन्सन जानेवारी १९४१ मध्ये अशाच फेरीत गेली. अ‍ॅनानं मात्र हजाराहून जास्त विमानं पोचवली, त्यात स्पिटफायरच पाचशेवर! पुढे ती तुकडीप्रमुख झाली.

आणखी एक सांगायचंच आहे. १९४३ पासून एटीएमध्ये बायकांना पुरुषांइतकाच पगार मिळू लागला. आमच्या बचत गटात रोजंदारीचा विषय निघाला की मी हे हमखास सांगते. बायका आधी हसतात, मग गप्प होतात.

युद्ध जिंकलं, पण पोलंड रशियाच्या मुठीत गेला. जून १९४६ मध्ये लंडनला विजयाचं मोठं संचलन झालं. बोलावणं आलं ते फक्त मोजक्या पोलिश वैमानिकांना. आपल्या बाकीच्या सैन्याला वगळलं म्हणून तेही गेले नाहीत. पंक्तीत घरची माणसं नसतील तर आपल्याला तरी घास गिळेल का?

अ‍ॅना इंग्लंडमध्येच राहिली. मिएचिस्लाव डाब या पोलिश वैमानिकाशी तिनं लग्न केलं. मायदेशी परत जायला १९७७ साल उजाडलं, तेव्हा ती सदुसष्टीला टेकली होती. १९९८ मध्ये वॉर्सात, आपल्या जन्मगावीच तिनं डोळे मिटले.