परदेशी निघताना र. धों. कर्वे आठवावेत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ओपीडी संपत आली असताना तिशीतला एक तरुण आत आला. आखाती देशात नोकरी करून सहा महिन्यांपूर्वी नागपूरला परतलेला. आधी त्याने पाठदुखी सांगितली, मग ॲसिडिटी. सिस्टर बाहेर गेल्यावर खरे कारण निघाले. तिकडे एकदा संबंध आला, निरोध वापरला नव्हता. काही दिवसांनी जननेंद्रियावर एक जखम झाली. ती दुखली नाही आणि आपोआप भरली, म्हणून तो गप्प बसला. आता बायकोला चौथा महिना होता आणि त्याला झोप लागत नव्हती.

अशा वेळी मला रघुनाथ धोंडो कर्वे आठवतात. या गप्प बसण्याशीच त्यांनी आयुष्यभर झुंज दिली.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२. बुद्धी तल्लख, मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि पुढे गणिताचे प्राध्यापक झाले. १९१९ साली उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. सैनिक, खलाशी, मजूर लाखोंच्या संख्येने या देशातून त्या देशात फिरले होते आणि त्यांच्याबरोबर गरमी व परमा हे रोगही फिरले होते. पेनिसिलिन अजून सापडायचे होते. गरमीवर आर्सेनिकयुक्त औषधाची इंजेक्शने देत. ती त्रासदायक होती आणि उपचार लांबलचक.

परत आल्यावर १९२१ साली कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला, तेही याच वर्षी. कर्वे डॉक्टर नव्हते, पण वाचन अफाट होते. संततिनियमनावर त्यांनी पुस्तक लिहिले, तसेच गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही लिहिले. रोगाला पाप न मानता रोग मानावे आणि तो टाळण्याचे साधन लोकांच्या हाती द्यावे, ही त्यांची भूमिका होती. आज ती साधी वाटते. तेव्हा ती महाग पडली. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. लेखन, संपादन, वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे, सारे जवळपास एकहाती. पैशांची कायम ओढाताण. पत्नी मालतीबाईंनी साथ दिली. या दांपत्याने मूल होऊ द्यायचे नाही असे ठरवले होते आणि रघुनाथरावांनी स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतली होती. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक शंकांना छापील उत्तरे दिली, हा त्यातला गुन्हा! खटला हरले, पण मासिक थांबले नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले, तेव्हाच ते थांबले. त्याच्या आदल्याच वर्षी भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता.

आज पॅरिसला जाणे सोपे झाले आहे. नोकरी, शिक्षण, सहल, हनिमून, अशा ना तशा कारणाने आपल्या ओळखीतले कुणीतरी परदेशात असते. घरापासून दूर एकटेपणा असतो, मोकळीक असते, कधी दारूही असते. हे गृहीत धरून तयारी करण्यात कमीपणा नाही.

निघण्यापूर्वी हिपॅटायटिस बी ची लस घ्यावी. तिचे तीन डोस पूर्ण व्हायला साधारण सहा महिने लागतात, म्हणून आधीच विचारावे. एचपीव्ही लसीबद्दलही डॉक्टरांशी बोलावे. निरोध इथूनच बरोबर न्यावेत, मुदतीची तारीख पाहावी आणि ते पाकिटात किंवा उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नयेत. तेल किंवा व्हॅसलीन लावल्यास लॅटेक्सचा निरोध फाटू शकतो. गर्भनिरोधक गोळ्या गर्भ रोखतात, रोग रोखत नाहीत.

चूक झालीच, तर घड्याळ पाहावे. एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितके चांगले, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. त्यासाठी भारतात परतण्याची वाट पाहू नये. आहात तिथल्या रुग्णालयात जावे. जखम, स्राव, लघवीला जळजळ किंवा तळहातांवर पुरळ दिसल्यास दुकानातून अँटिबायोटिक आणून खाऊ नये. परम्याचे जंतू आज अनेक औषधांना दाद देत नाहीत. अर्धवट उपचाराने ते आणखी निर्ढावतात.

लक्षण नसले तरी परतल्यावर तपासणी करावी. लगेच केलेली तपासणी निर्दोष आली म्हणून निश्चिंत होऊ नये; गरमीची जखमच १० ते ९० दिवसांत केव्हाही उमटते. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे आणि तोवर जोडीदाराबरोबर निरोध वापरावा. सरकारी रुग्णालयांत यासाठी समुपदेशन व चाचणी केंद्रे आहेत. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही माहिती मिळते. एचआयव्हीबाबतची माहिती गुप्त राखण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातले आहे.

त्या तरुणाला गरमीच होती. मी त्याला बायकोला घेऊन यायला सांगितले. तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी दोघे आले. तिच्याही रक्तात दोष निघाला. दोघांना पेनिसिलिनची इंजेक्शने दिली. उपचार झाला नसता तर बाळ पोटात दगावण्याची किंवा आजार घेऊन जन्मण्याची भीती होती. तिने बरेच दिवस नवऱ्याशी अबोला धरला, पण उपचार पुरा केला. मुलगी निरोगी जन्मली.

ज्या औषधाने ती वाचली, ते कर्वे पॅरिसला गेले तेव्हा नव्हते. आज औषध आहे, तपासणी आहे, केंद्रेही आहेत. दाराशी थबकणारा रुग्ण मात्र अजून तसाच आहे. त्याला आत यायला जितका उशीर, तितके नुकसान त्याच्या घरच्यांचे.